वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत आजीचे आयुष्य कसे लिहावे?

प्रश्न: नदीकाठची_नात

नमस्कार. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेल्या पौषात वारली. येत्या पौषात तिचे वर्षश्राद्ध आहे आणि त्या दिवशी नातेवाइकांना व गावकऱ्यांना देण्यासाठी बत्तीस पानांची एक पुस्तिका काढायचे घरात ठरले आहे. घरात मराठी विषय घेऊन शिकलेली मी एकटीच असल्यामुळे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. दोन महिने झाले. हाती साडेतीन पाने आहेत आणि तीही मला पटत नाहीत.

तिचे माहेर वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आणि सासर अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात; मध्ये वर्धा नदी. पूल होण्यापूर्वी ती डोंग्याने माहेरी जात असे, आणि श्रावणात नदीला पूर असला की तिची नागपंचमी सासरीच होई. रुक्मिणीचे माहेर समजले जाणारे कौंडण्यपूर आमच्या बाजूच्या काठावर आहे. त्यावरून ती म्हणायची, "तिचं माहेर अलीकडे, माहं पलीकडे. तिले न्याले रथ आला, मले डोंगा."

शेतकऱ्याच्या घरात जन्म, दुसरीपर्यंत शाळा, मग वावर. सासरी अठरा एकर कोरडवाहू जमीन. सहा बाळंतपणे झाली, त्यांतली चार मुले जगली. आजोबा २००१ साली गेले, त्यानंतरही बारा-तेरा वर्षे ती शेतात जात होती. याखेरीज तिचा दुसरा एक संसार होता, तो तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीच्या आश्रमाचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे देहावसान झाले (११ ऑक्टोबर १९६८), तेव्हा ती गावातल्या बायांबरोबर पायी मोझरीला गेली होती. त्यानंतर दर वर्षी आश्विनातल्या पुण्यतिथी महोत्सवात आठ दिवस स्वयंपाकाच्या सेवेला जाण्याचा नेम तिने पंचेचाळीस वर्षे पाळला. गावात रोज संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, आणि १९९५ नंतर पोलिओच्या रविवारी घरोघर फिरून लेकरे बूथवर आणणे, ही कामे तिला कोणी सांगितली नव्हती आणि त्यांचे कोणी काही दिलेही नाही.

अडचण अशी की तिच्या वयाबद्दल घरात एकमत नाही. आधार कार्डावर १ जानेवारी १९२८ ही तारीख आहे, त्या हिशेबाने काका सत्त्याण्णव सांगतात. मतदार यादीत ती चार वर्षांनी लहान आहे. तिचे स्वतःचे हिशेब वेगळे होते. आष्टीला गोळ्या चालल्या त्या नागपंचमीला ती झोक्यावर होती आणि धाकटा भाऊ मांडीवर होता. "गांधीजी गेले तवा माह्या लग्नाले दोन उन्हाळे झाले होते," असेही ती सांगे. यातून साल काढता येते का?

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. मी लिहिलेल्या साडेतीन पानांत प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, धार्मिक आणि सेवाभावी हे पाच शब्द फिरून फिरून येतात. आमच्या भागातली कोणतीही श्रद्धांजली उघडून नाव बदलले तर ती माझ्या आजीला लागू पडेल. शिवाय ग्रामपंचायतीत मृत्यूची माहिती देताना काकांनी व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" लिहिले, ते मला तेव्हापासून टोचते आहे. अशा बाईचे आयुष्य लिहिण्याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: जुना_अभिलेखपाल

ताई, मी महसूल खात्यात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे अभिलेख कक्षातच गेली, म्हणून सनावळीपुरते लिहितो. आधारवरची १ जानेवारी ही तारीख प्रथम बाजूला ठेवावी. जन्माचा पुरावा नसलेल्या माणसाने अंदाजे वय सांगितले की नोंदीत वर्ष तेवढे धरले जाई आणि दिवस-महिना १ जानेवारी होई. आपल्या गावातील निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी निघेल.

आपल्या आजींच्या दोन खुणा मात्र कागदाइतक्याच मोलाच्या आहेत. आष्टी येथे पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले आणि गोळीबार झाला तो दिवस १६ ऑगस्ट १९४२, आणि त्या दिवशी खरोखरच नागपंचमी होती. चिमूरचा उठावही त्याच दिवशीचा. आष्टी हे आर्वीच्या शेजारचेच, तेव्हा ती वार्ता त्यांच्या गावी त्याच रात्री पोचली असणार. लहान भावाला मांडीवर घेऊन झोका खेळणारी मुलगी आठ ते अकरा वर्षांची धरता येईल. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची; त्याआधीचे दोन उन्हाळे म्हणजे १९४६ आणि १९४७, तेव्हा लग्न १९४६ च्या लग्नसराईतले. त्या काळी सारडा कायद्याप्रमाणे मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ होते आणि खेड्यात ते पाळले जाईच असे नाही. आजी १९२८ च्या असत्या तर लग्नाच्या वेळी अठरा वर्षांच्या झाल्या असत्या, आणि त्या काळच्या शेतकरी घरात मुलगी इतके दिवस बिनलग्नाची राहणे कठीण. माझा अंदाज १९३१ ते १९३४. थोरल्या मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तो पडताळून पाहावा.

कागद हवाच असेल तर दोन ठिकाणी शोधावे. माहेरच्या गावच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे, आणि तहसील कार्यालयातून त्या वर्षांच्या कोतवाल बुकाची नक्कल मागावी. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवीत असे. एक सूचना आधीच देऊन ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही. त्या नोंदीत मुलीचे नाव अनेकदा नसते. बापाचे नाव असते आणि पुढे नुसते "मुलगी" असे असते.

पुस्तिकेला उपयोगी पडेल म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. डोंग्यातून ही नदी ओलांडणे म्हणजे एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाणे होते. आर्वीकडचा भाग मध्य प्रांतातला, तिथे मालगुजारी. गावाचा शेतसारा मालगुजार गोळा करी आणि गावात त्याचा शब्द चाले. तिवसा वऱ्हाडात, तिथे रयतवारी. शेतकरी स्वतःच्या नावाने सरकारात सारा भरी. मालगुजारी १९५१ साली संपली. आजींनी माहेरच्या मालगुजाराच्या वाड्याच्या काही गोष्टी सांगितल्या असतील तर त्या सासरच्या गोष्टींत मिसळू देऊ नका, दोन्ही काठांचा रिवाज वेगळा होता. शिवाय सासरच्या घरातून न हलता त्या आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात, १९५० पासून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात राहिल्या. आपल्या घरातल्या जुन्या कागदांवरचे शिक्के पाहा, ही चारही राज्ये तिथे सापडतील.

सातबाऱ्यावर आजींचे नाव कधी चढले, तो फेरफारही जरूर काढा.

उत्तर: दारव्ह्याची_वखरवाली

मी स्वतः शेती करते, म्हणून दुसऱ्या अडचणीबद्दल लिहिते. "कष्टाळू" हा शब्द ज्याने कष्ट पाहिले नाहीत त्याला काहीच सांगत नाही आणि ज्याने पाहिले त्याला त्याची गरज नाही. आपण त्या शब्दाच्या जागी काम लिहावे: कोणते, कोणत्या महिन्यात, किती आणि कोणत्या अवजाराने.

आपल्या आजींच्या तरुणपणी सरकी पेरण्याआधी शेण-मातीच्या काल्यात चोळावी लागे, कारण तिच्यावरच्या तंतूंमुळे दाणे एकमेकांना चिकटत आणि सरत्यातून, म्हणजे बी सोडायच्या नळीतून, सुटे पडत नसत. हे चोळण्याचे काम बायांचे होते. तिफणीमागे सरते धरून चालण्याचे कामही बहुतेक घरांत बाईच करी. दिवसभर बैलांच्या चालीने चालायचे, ओळ चुकू द्यायची नाही आणि मूठ सारखी सोडायची. पुढे संकरित वाण आले तेव्हा महागाचे बी तिफणीने पेरणे परवडेना, मग वाकून एकेक दाणा टोबणे आले. म्हणजे बियाणे बदलले आणि त्याचा भार बाईच्या कमरेवर आला. ही एवढी गोष्ट लिहिली तरी साठ-सत्तरच्या दशकातली शेती आणि आपल्या आजी दोन्ही एकाच परिच्छेदात दिसतील.

वेचणीबद्दलही विचारा. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा त्यांच्याकडे कोण करीत असे, दहीभात कोणत्या धुऱ्यावर ठेवीत असत, पहाटे दवात वेचायला जात की ऊन पडल्यावर? दवातला कापूस वजनाला भरतो, पण ओलसर निघतो आणि बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलतात ती वेगळीच. चांगली वेचणारी बाई दिवसाला पंचवीस-तीस किलो वेचते. आजींची ओटी किती भरत असे हे त्यांच्याबरोबर वेचलेल्या बायांना अजून आठवत असेल. आमच्याकडे कोण किती वेचते हे बायका वर्षानुवर्षे विसरत नाहीत. आणि १९७२ पासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली तेव्हा बंडी घेऊन केंद्रावर दोन-दोन दिवस रांगेत कोण राहिले, पैसे कोणाच्या नावाने निघाले, हेही विचारा. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर कापूस वेचला, पण कापसाच्या पैशाची पावती त्यांनी एकदाही हातात धरली नव्हती.

ज्वारीचाही शोध घ्यावा. आमच्या भागात ज्वारी कमी होऊन सोयाबीन आले, ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर गोठ्यातली गुरे कमी झाली. आपल्या आजींच्या घरी शेवटची म्हैस कधी विकली आणि त्या दिवशी त्या काय म्हणाल्या, हे कोणाला तरी ठाऊक असेल. बियाण्यासाठी ज्वारीची कणसे कोण निवडी, तुरीत राख घालत की कडुनिंबाचा पाला, असे प्रश्न विचारले की माणसे भराभर बोलू लागतात. "आजी कशी होती?" असे विचारले की डोळे पुसतात आणि गप्प बसतात. मी सासूबाईंच्या वेळी हा अनुभव घेतला आहे.

उत्तर: मोझरीवाटेचा

सेवाभावी या शब्दाबद्दल मी थोडे लिहितो, कारण विद्यार्थी असताना महोत्सवात पाणी वाढायला मी काही वर्षे गेलो आहे. आश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. त्या क्षणी लाखो माणसे जागच्या जागी उभी राहतात, हे सर्वांना माहीत आहे. पण चुलीवर उकळी आलेले वरण त्या मिनिटाला थांबत नाही. स्वयंपाकातल्या बाया तिथेच चुलीपाशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहत, हे मी पाहिले आहे. आपल्या आजी त्यांत असतील. त्या नेमके काय करीत, म्हणजे कणिक भिजवीत, भाजी चिरीत की वाढायला असत, हे शोधावे. पंचेचाळीस वर्षांत चुलीवरून गॅसच्या शेगडीवर आणि पत्रावळीवरून ताटावर झालेला बदल त्यांनी पाहिला असणार. आपल्या गावातून त्यांच्याबरोबर जाणाऱ्या एक-दोन बाया हयात असतील तर उशीर करू नये, एवढेच सांगतो.

उत्तर: मीही_सूनच

वरील सर्व उत्तरे चांगली आहेत, परंतु एक प्रश्न कोणीच विचारला नाही, म्हणून विचारते. राग मानू नये. आजी आश्विनात आठ दिवस मोझरीला जात होत्या, म्हणजे सोयाबीनची सोंगणी नाहीतर ज्वारीची राखण चालू असण्याचे दिवस. त्या आठ दिवसांत घरचा स्वयंपाक, गोठा, सालदाराची भाकर आणि आपण सर्व लेकरे कोणी सांभाळली? आपण त्यांच्या पंचेचाळीस वर्षांच्या सेवेबद्दल लिहाल तेव्हा त्या सेवेमागे आणखी एका-दोन बायांचे पंचेचाळीस आश्विन आहेत, आणि त्यांच्या रकान्यातही "गृहिणी" हेच लिहिले जाणार आहे. मी आजींना उणे म्हणत नाही. माझ्या सासूबाई कीर्तनाला जात, तेव्हा मला वाटे ते मी अजून कोणाला सांगितलेले नाही. आपल्या आईला आणि काकूंना एकेकटे बसवून विचारा, सर्वांसमोर विचारू नका.

दुसरे असे की, त्या सासू म्हणून कशा होत्या हेही थोडे लिहावे. बत्तीस पानांत एकदाही न रागावणारी बाई कोणाला खरी वाटणार नाही.

उत्तर: नदीकाठची_नात (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण या काळात मी दोनदा गावी जाऊन आले.

अभिलेखपाल काका, आपण सांगितले तसेच झाले. कोतवाल बुकाच्या नकलेत आजीच्या वडिलांच्या नावापुढे दोन नोंदी सापडल्या, एक सप्टेंबर १९३१ ची आणि दुसरी फेब्रुवारी १९३४ ची, आणि दोन्हींत "मुलगी" एवढेच आहे. आजीला एक बहीण होती, ती लहानपणीच देवीच्या साथीत गेली. ती थोरली की धाकटी हे सांगणारे आता माहेरी कोणी उरले नाही. शाळेचे त्या वर्षांचे रजिस्टर वाळवीने खाल्ले. माझ्या थोरल्या काकांच्या शाळेच्या दाखल्यावर १९४९ हे जन्मवर्ष आहे, त्यावरून १९३१ ची नोंद तिची असावी असे मला वाटते, पण पुस्तिकेत मी दोन्ही नोंदी जशाच्या तशा छापणार आहे. काकांना हे आवडले नाही. त्यांच्या लेखी सत्त्याण्णवचे नव्वदीत येणे म्हणजे आजीची काही वर्षे कोणी काढून घेतल्यासारखे आहे.

सातबाऱ्यावर तिचे नाव आजोबांच्या मृत्यूनंतर वारस फेरफारानेच चढले. त्यात आधी तिन्ही मुलांची नावे आहेत, मग आत्याचे आणि शेवटी आजीचे. पत्नीचे नाव नवऱ्याच्या हयातीतच जमिनीवर लावण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम शेतकरी संघटनेने चालविली होती आणि १९९२ साली सरकारनेही तसे परिपत्रक काढले होते, हे मला या निमित्ताने समजले. आमच्या गावात दोन घरांनी ते केले, आमच्या घराने केले नाही. हे पुस्तिकेत लिहू नये असे एका काकांचे म्हणणे आहे. मी फेरफाराचा फोटो छापणार आहे, त्याखाली काही लिहिणार नाही.

वखरवाली ताई, तुमचे प्रश्न कागदावर उतरवून मी आजीच्या दोन सोबतिणींकडे गेले. आजीची ओटी किती भरत असे यावर त्या दोघींचे भांडण झाले आणि त्या भांडणातून मला एका दुपारी जेवढे मिळाले तेवढे दोन महिन्यांत मिळाले नव्हते. आजी दोन ओळी एकदम धरून, दोन्ही हातांनी वेचत असे, आणि बोलत असताना तिचा हात थांबत नसे, एवढे दोघींनाही मान्य होते. मोझरीला ती सुरुवातीची काही वर्षे भाजी चिरायला होती, मग कणकेवर आली. सेवेबद्दल तिला कोणी काही म्हटले तर ती उत्तर देई, "म्या काई सेवा-बिवा नाई केली. मी त जेवाले वाढाले जात होती." हे वाक्य दोघींनी वेगवेगळे सांगितले, म्हणून ते मी मधल्या पानावर घेतले आहे आणि सेवाभावी हा शब्द सगळीकडून काढला आहे.

सूनबाईंच्या प्रश्नाने मात्र मला झोप लागली नाही. मी मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या काकूला, आणि आईला वेगवेगळे विचारले. मोठी आई म्हणाली की त्या आठ दिवसांचा तिला दर वर्षी भादव्यापासूनच धसका बसे. आजी जाताना कामांची यादी तोंडी सांगून जाई आणि आल्यावर त्याच क्रमाने विचारी. एकदा लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला म्हणून दोन महिने बोलणे ऐकावे लागले होते. आई नेमके उलटे म्हणाली. कोठीची किल्ली एरवी आजीच्या कमरेला असे. मोठी आई ती घ्यायला घाबरे, म्हणून ते आठ दिवस ती माझ्या आईच्या कमरेला असे. "वर्षातून आठ दिवस मी या घरात गूळ न विचारता घेतला," असे ती हसत म्हणाली, आणि मग तिने स्वतःच विषय बदलला.

दोघींचे ज्यावर एकमत झाले ती गोष्ट म्हशीची होती. आजीच्या हाताशिवाय म्हैस पान्हा सोडत नसे, लाथ मारून भांडे उलटवी. त्यामुळे मोझरीला जाण्याच्या आदल्या दिवशी आजी आपले नेसते लुगडे न धुता खुंटीवर ठेवून जाई, आणि आठही दिवस मोठी आई नाहीतर आई ते अंगावर घेऊन, तोंडाने आजीसारखेच चुचकारीत धार काढायला बसे. ते लुगडे अजून घरात आहे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आजीचा हार घातलेला फोटो घालायचे ठरले होते. त्याऐवजी लुगडे घेतलेल्या त्या दोघींचा फोटो काढून आत घालावा असे मी सुचविले आहे, आणि मोठी आई अजून नाही म्हणते आहे.